भात निसवण्याआधी उंदीर आवरा, रायफलीचा विचार सोडा

भाद्रपद लागला की हळवी म्हणजे लवकर येणारी भातं निसवू लागतात, लोंब्या बाहेर पडतात; गरवी म्हणजे उशिरा येणारी अजून फुटव्यात असतात. उंदीर आवरायचा तो याच दिवसांत. एकदा दाणा भरला की शेतभर खाणं असताना तो आमिषाकडे ढुंकूनही बघत नाही.

भिवंडी, शहापूर, मुरबाडकडे उंदीर-घुशींसाठी पॉइंट २२ (०.२२ इंच नळीची) रायफल घ्यायची का, हा प्रश्न निघतोच. परदेशात छोट्या उपद्रवी प्राण्यांवर पॉइंट २२ लाँग रायफल, पॉइंट २२ मॅग्नम किंवा पॉइंट १७ एचएमआर अशा छोट्या काडतुसाच्या ‘रिमफायर’ रायफली वापरतात. इथे मात्र शस्त्र कायदा १९५९ च्या कलम १३ मध्ये पॉइंट २२ रायफल येते ती रायफल क्लबच्या सदस्याला नेमबाजीच्या सरावासाठी. पीक संरक्षणासाठी त्याच कलमात ठासणीची बंदूक आहे, तीही परवान्याने. शहरी हद्दीत परवाना पोलीस आयुक्तांकडून मिळतो, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडून.

कायदा बाजूला ठेवला तरी खाचरात रायफल धोक्याचीच. पॉइंट २२ ची गोळी दीड-दोन किलोमीटर जाते आणि पाण्यावर किंवा कडक बांधावर आपटून भलतीकडे उडते. आपल्याकडे तेवढ्या अंतरात पाडा, रस्ता, गोठा असतोच. पॉइंट १७ ची हलकी गोळी आपटून फुटते, उसळी कमी घेते, पण मागे मातीचा उंचवटा नसेल तर तीही झाडू नये. आणि उंदीर दिवसा बिळात, रात्री भातात; नेम धरणार कशावर? रानडुकरावर झाडायची म्हणाल, तर त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. नुकसान दिसताच वन विभागाला कळवा.

संध्याकाळी बांधावरची सगळी बिळं चिखलाने बुजवा. सकाळी उघडी दिसतील ती जिवंत. घूस मात्र आपलं बीळ आतून स्वतःच बुजवते, म्हणून तोंडाशी ताज्या भुसभुशीत मातीचा ढीग असेल तर ते बंद बीळही जिवंत धरा.

पुढचे दोन दिवस जिवंत बिळांत तेल लावलेली साधी, बिनविषाची कणी टाका, बिळागणिक २० ग्रॅम. ही पायरी गाळली तर उंदीर विषारी आमिष नुसतं चाखतो, वाचतो आणि पुन्हा शिवत नाही. मग ९६० ग्रॅम कोरडी कणी, २० ग्रॅम गोडेतेल, २० ग्रॅम झिंक फॉस्फाइड हे उंदराचं विष काठीने कालवा. हातमोजे घाला, कालवायचं ते उघड्यावर. १० ग्रॅमची कागदी पुडी बिळात आत सरकवून तोंड हलकं बुजवा. एवढ्यात शंभर बिळं होतात. ओल लागली की यातून विषारी वायू सुटतो, म्हणून उघाड बघूनच करा आणि कालवलेलं साठवू नका.

आठवड्याने बिळं पुन्हा बुजवून बघा. उघडतील तिथे झिंक फॉस्फाइड परत नको. त्याच मापात त्याऐवजी ब्रोमॅडिओलोन या सावकाश मारणाऱ्या विषाची ०.२५ टक्क्यांची भुकटी घ्या, बिळाला १५ ग्रॅम. मरायला चार-सहा दिवस लागतात, म्हणून संशय येत नाही.

मेलेले उंदीर रोज सकाळी गोळा करून खोल पुरा, नाहीतर घुबड आणि कुत्री बळी पडतात. विष चुकून कोणाच्या पोटात गेलं तर वेष्टन घेऊनच दवाखाना गाठा: ब्रोमॅडिओलोनवर व्हिटॅमिन के-१ चालतं, झिंक फॉस्फाइडवर उतारा नाही.

शेजारच्या बांधावर त्याच दिवशी काम झालं नाही तर पंधरवड्यात तिथले उंदीर तुमच्याकडे येतात. रुंद बांध म्हणजे त्यांना आयती वसाहत; पुढच्या लावणीआधी बांध तासून फूटभर रुंद ठेवा.