स्थानाचे निर्देशांक कम्युट होत नसतील तेव्हा: दोलक सोडवण्याची रीत आणि चुकण्याच्या जागा

प्रतलात फिरणाऱ्या कणाचे दोन निर्देशांक आपापसांत कम्युट होत नाहीत, म्हणजे गुणाकारातला त्यांचा क्रम बदलला की उत्तर बदलते, असे धरले, की नेहमीची सवय पहिल्याच ओळीला अडते. तरंगफलन दोन्ही निर्देशांकांत लिहिता येत नाही, कारण दोघांची सामाईक आयगेनस्थिती, म्हणजे दोघांचेही मूल्य एकदम निश्चित असलेली स्थिती, नसतेच. यावर सर्वांत कमी डोकेदुखीचा उपाय म्हणजे बॉप सरकाव: कम्युट न होणारे निर्देशांक नेहमीच्या, कम्युट होणाऱ्या चलांत लिहायचे आणि पुढचे सगळे काम ओळखीच्या पुंजयामिकीत करायचे.

चिन्हे अशी: क्ष, य हे खरे स्थान-ऑपरेटर आणि प, फ हे अनुक्रमे त्यांचे संवेग. ह म्हणजे दोन पायने भागलेला प्लांक स्थिरांक, इ म्हणजे उणे एकाचे वर्गमूळ, द वस्तुमान, व कोनीय वारंवारता. थ म्हणजे थीटा, क्ष आणि य किती कम्युट होत नाहीत ते सांगणारा स्थिरांक. त्याचे परिमाण क्षेत्रफळाचे. एखाद्या सूत्रात थ एकटाच लांबीबरोबर बेरजेत दिसला, तर पुढे जाऊ नका, आधी चूक शोधा.

गृहीतके ([अ, ब] म्हणजे कम्युटेटर, अ·ब − ब·अ):

[क्ष, य] = इ·थ
[क्ष, प] = [य, फ] = इ·ह
[प, फ] = ०, आणि [क्ष, फ] = [य, प] = ०

आता क, ख हे कम्युट होणारे मदतनीस निर्देशांक घ्या. तेही प, फ यांचेच जोडीदार.

क्ष = क − (थ/२ह)·फ
य = ख + (थ/२ह)·प

कम्युटेटर हाताने काढून पाहा. [क, प] मधून इ·थ/२ येतो, [फ, ख] मधून दुसरा इ·थ/२, बेरीज इ·थ. दोन्हीकडे एकच चिन्ह ठेवले तर बेरीज शून्य होते, आणि मग सगळे गणित नीट सुटूनही थ चे खरे परिणाम कुठेच उरत नाहीत. ही चूक उत्तर पाहून ओळखू येत नाही, म्हणून तपासणी इथेच करायची.

पहिले उदाहरण दोलकाचेच घ्यावे, कारण तो अचूक सुटतो. ऊर्जा-ऑपरेटर (प² + फ²)/२द + ½·द·व²·(क्ष² + य²). सरकाव घातल्यावर

क्ष² + य² = क² + ख² − (थ/ह)·ल + (थ²/४ह²)·(प² + फ²)

इथे ल = क·फ − ख·प, म्हणजे कोनीय संवेग. शेवटचे पद गतिज ऊर्जेत मिसळते, मधले पद समऊर्जी पातळ्या फोडते. श = द·व·थ/२ह हा परिमाणहीन आकडा घेतला की दोन स्वतंत्र वारंवारता मिळतात:

व₋ = व·(√(१+श²) − श)
व₊ = व·(√(१+श²) + श)

पातळ्या ह·व₋·(न + ½) + ह·व₊·(म + ½), जिथे न, म हे शून्यापासूनचे पूर्णांक. दोन वारंवारतांचा गुणाकार नेहमी व² यायला हवा. ही तपासणी फुकटची आहे, चुकवू नका. दुसरी तपासणी: श फार मोठा केला की व₊ हा द·व²·थ/ह कडे जातो. ते बरोबरच आहे, कारण क्ष² + य² ची आयगेन मूल्ये थ, ३थ, ५थ अशी चढतात आणि त्यांना ½·द·व² ने गुणल्यावर तेवढेच अंतर पडते.

आकड्यांत पाहू. ह = द = व = १, थ = ०.२, म्हणजे श = ०.१. तळपातळी १ ऐवजी १.००४९९. पुढची, एरवी २ वर असलेली जोडी, १.९०९९८ आणि २.१०९९८ अशी फुटते. फाटाफूट थ च्या पहिल्या घातात आहे, तळपातळीचा सरकाव दुसऱ्या घातात. पातळ्यांवरून उलट थ काढायचा असेल तर फाटाफूट पाहावी. तळपातळी त्या कामाला कुचकामी.

संगणकावर करताना क आणि प साठी एक, ख आणि फ साठी दुसरा असे चढ-उतार ऑपरेटरांचे (दोलकाला एक पातळी वर किंवा खाली नेणाऱ्यांचे) दोन संच घ्या, प्रत्येकी २० स्थिती, आणि क्रोनेकर गुणाकाराने (दोन मॅट्रिक्स जोडून एक मोठी करणाऱ्या गुणाकाराने) ४०० × ४०० ची मॅट्रिक्स बांधा. खोच अशी की सांत मॅट्रिक्सच्या कम्युटेटरची कर्णबेरीज शून्यच असते, तर इ·थ गुणिले एकक मॅट्रिक्सची शून्य नसते. म्हणजे छाटलेल्या मॅट्रिक्समध्ये गृहीत संबंध कुठेतरी मोडणारच. तो शेवटच्या कोपऱ्यात मोडतो. २० स्थितींच्या साध्या एकमितीय दोलकात आधी छाटून मग वर्ग केला, तर वरची पातळी १९.५ ऐवजी ९.५ वर उतरते आणि खऱ्या ९.५ च्या शेजारी तोतयासारखी बसते. उपाय: २१ स्थितींत ऑपरेटर बनवा, गुणाकार करा, मग २० वर छाटा. चौथ्या घाताचे विभव असेल तर किमान दोन स्थिती जादा ठेवा. आकार वाढवून खालच्या पातळ्या हलत नाहीत ना, हेही पाहा.

दोलकाबाहेर गेलात की क्रमाचा प्रश्न उभा राहतो. क्ष²·य हा हर्मिशियनच नाही, म्हणजे त्याची मूल्ये वास्तव असतील याची हमी नाही. क्ष·क्ष·य, क्ष·य·क्ष, य·क्ष·क्ष यांची सरासरी घेतली तर ती क्ष²·य पेक्षा इ·थ·क्ष ने वेगळी निघते. हर्मिशियन असणे पुरतेच असेही नाही: क्ष·य²·क्ष आणि (क्ष²·य² + य²·क्ष²)/२ हे दोन्ही हर्मिशियन, तरी पहिला दुसऱ्यापेक्षा थ² ने मोठा. इथे फरक स्थिर असल्याने सगळ्या पातळ्या सारख्याच सरकतात, वरच्या घातांत तसे होत नाही. म्हणून वाइलचा क्रम, म्हणजे सगळ्या क्रमांची सरासरी, घ्यावा आणि तो पहिल्या पानावर लिहून ठेवावा. ग्रोनेवोल्ड (१९४६) आणि मोयाल (१९४९) यांचा तारांकित गुणाकार (साध्या फलनांचा, पण ऑपरेटरांच्या गुणाकारासारखा वागणारा) हाच क्रम आपोआप सांभाळतो.

केंद्रीय विभवात थ चे पहिले पद −(थ/२ह)·(विभवाचा अंतराशी अवकलज ÷ अंतर)·ल असे येते. एक-भागिले-अंतर प्रकारच्या विभवात हे अंतराच्या व्यस्त घनासारखे वाढते आणि पुढची पदे केंद्राजवळ आणखी बेफाम होतात. ल = ० असलेल्या स्थितीत पहिले पद नाहीसे होते; म्हणून दुसऱ्यावर भिस्त ठेवावीशी वाटते, पण नेमकी तिथेच मालिका अविश्वसनीय असते.

संवेगही आपापसांत कम्युट होत नसतील, म्हणजे [प, फ] = इ·ग असेल, तर वरचा सरकाव जसाच्या तसा चालत नाही. शिवाय थ·ग = ह² झाले की चार ऑपरेटरांची रचनाच कोसळते आणि दोनच स्वतंत्र उरतात.

अर्थ लावताना क, ख ना कणाची जागा समजू नका. त्यांच्यातल्या तरंगफलनाचा वर्ग म्हणजे कण एखाद्या बिंदूवर सापडण्याची शक्यता नव्हे. खऱ्या निर्देशांकांतल्या अनिश्चिततांचा गुणाकार थ/२ पेक्षा खाली जातच नाही.

हे सगळे कागदावरचेच आहे असे वाटत असेल तर चुंबकीय क्षेत्रातला इलेक्ट्रॉन घ्या. त्याच्या वर्तुळाकार फेऱ्यांच्या केंद्राचे दोन निर्देशांक असेच वागतात; चिन्ह सोडले तर थ = ह ÷ (विद्युतभार × क्षेत्र). १ टेस्लाला तो सुमारे ६५८ चौरस नॅनोमीटर, १० टेस्लाला ६५.८. दर स्थितीला दोन पाय पट थ एवढी जागा लागते, म्हणजे १० टेस्लाला सुमारे ४१४ चौरस नॅनोमीटर. प्रोग्रॅम बरोबर आहे का, हे ताडायला हा आकडा चांगला.