स्टिल्ट पार्किंगचे कॉलम तपासताना

२०१६ च्या भूकंप नकाशानुसार ठाणे-नवी मुंबई झोन ३ मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात येतात. वर भिंती आणि खाली नुसते कॉलम, अशा इमारतीत सगळा हेलकावा तळमजल्यावरच येतो. २००१ च्या भूज भूकंपात २०० किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत अशा कित्येक इमारती कोसळल्या.

आधी पार्किंगमध्ये टॉर्च घेऊन फिरा. कॉलमच्या कोपऱ्यात उभी भेग किंवा तांबूस ओघळ दिसला, तर आत सळई गंजून फुगली आहे. खाडीकाठी हे नेहमीचंच. त्यावर प्लास्टर मारून रंग लावणं म्हणजे रोग झाकणं.

इमारतीची मजबुती तपासणाऱ्या स्ट्रक्चरल ऑडिटरला एखाद्या कॉलमच्या बीमजवळच्या टोकाचं कव्हर (सळयांवरचा काँक्रीटचा थर) फोडून रिंगा, म्हणजे उभ्या सळयांना बांधणारी आडवी कडी, दाखवायला सांगा. दोन रिंगांमधलं अंतर १०० मिलिमीटरपेक्षा जास्त नको आणि रिंगेच्या टोकांचे हूक १३५ अंशांत आत वळलेले हवेत. ९० अंशांचे असतील तर कव्हर निखळताच रिंग उघडते, उभ्या सळया बाहेर वाकतात. जुन्या इमारतींत बहुधा हेच सापडतं.

काँक्रीटची ताकद पाहताना नुसत्या रिबाउंड हॅमरवर (काँक्रीटवर आपटून उसळी मोजणारं उपकरण) भागवू नका, तो पृष्ठभागच सांगतो. कोअर, म्हणजे आतल्या काँक्रीटचा ड्रिलने काढलेला गोल नमुना, काढायला लावाच.

जॅकेटिंग करताना, म्हणजे कॉलमभोवती नव्या सळया आणि काँक्रीटचं आवरण घालताना, त्या सळया स्लॅबमधून वर आणि फुटिंगपर्यंत (कॉलमच्या पायापर्यंत) खाली जायला हव्यात. स्लॅबखाली थांबल्या, तर नेमक्या सांध्यात कॉलम कमकुवतच राहतो.