क्रिप्टोत पैसे बुडाले? कोर्टात टिकेल अशी तक्रार द्या

कापसाच्या चुकाऱ्याचे पैसे कॉइनच्या नावाखाली गेले असतील तर आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. उशीर झाला की ठगांची खाती रिकामी होतात. मग पुरावा. ज्या चॅट ग्रुपवर हे झालं तो सोडू नका, मोबाईल रीसेट करू नका. चॅटच्या प्रिंटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम (पुराव्याचा कायदा) 2023 च्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं. त्यात त्याच फोनचा तपशील आणि हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा अक्षर-आकड्यांचा कोड, येते. ते नसलं की सरकारी वकिलाचे हात बांधले जातात, आणि हे फार वेळा घडतं. वॉलेटचा पत्ता (कॉइन जिथं गेले त्या खात्याचा लांब कोड), ट्रान्झॅक्शन हॅश (त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक) कॉपी करूनच ठेवा. हातानं उतरवताना एक अक्षर चुकलं तरी माग तुटतो. रोख दिली असेल तर तारीख, ठिकाण, साक्षीदार लिहा. परताव्याचं आमिष दाखवून ठेवी घेतल्या असतील तर महाराष्ट्राच्या 1999 च्या ठेवीदार हितसंरक्षण कायद्याचं (MPID) कलम 3, म्हणजे ठेवी बुडवल्याचा गुन्हा, लावायची मागणी करा; कलम 4 खाली मालमत्ता जप्त करता येते.