बेटावरचा वाढदिवस: काय लपवायचं आणि काय सांगून टाकायचं

माझ्या नवऱ्याला सरप्राइज आवडत नाही. लग्नाला अकरा वर्षं होऊनही मला हे पटत नव्हतं, म्हणून त्याच्या चाळिसाव्या वाढदिवसाला मी त्याला मालदीवला घेऊन गेले, कुठे चाललोय ते न सांगता. बेत तडीला गेला. पण तो कुठे कुठे फसता फसता वाचला आणि कुठे सरळ फसला, ते मला आता तोंडपाठ आहे. तुमच्या डोक्यात असलं काही शिजत असेल तर हे वाचून मग तिकिटं काढा.

आधी ठरवा की नेमकं काय लपवायचं आहे. माझी पहिली कल्पना अगदी फिल्मी होती: ऑफिसला निघालेल्या माणसाला गाडीत कोंबायचं आणि थेट विमानतळ गाठायचा. धाकट्या बहिणीने एकच विचारलं, "अगं, आणि त्याच आठवड्यात त्याचं काही महत्त्वाचं असलं तर?" बरोबर होतं तिचं. रजा, तब्येत, पासपोर्ट, सामान या चार गोष्टी ज्याच्या त्यालाच ठाऊक असतात. त्या त्याच्या पाठीमागे उरकायला गेलात की सगळा प्रवास तुमच्या अंदाजावर चालतो. शेवटी मी दोन महिने आधी सांगून टाकलं: हे सहा दिवस माझे, रजा टाक, पासपोर्ट दे, कुठे ते विचारू नकोस. यात मजा कमी होईल असं वाटलं होतं. झालं उलटंच. तो रोज नवा अंदाज बांधायचा. बर्फ, जंगल, वाळवंट आणि एकदा तर घाबऱ्या चेहऱ्याने, "तुझ्या मावशीकडे तर नाही ना?"

म्हणजे लपवायची ती फक्त जागा. आणि जागा निवडताना नकाशाआधी कॅलेंडर उघडा, कारण वाढदिवसाची तारीख काही हलत नाही. सगळ्या उष्णकटिबंधीय बेटांवर पाऊस एकाच वेळी पडतो, हा गैरसमज आधी काढून टाका. मालदीवला साधारण डिसेंबर ते एप्रिल कोरडे महिने. बालीत जवळपास त्याच काळात पावसाळा. मॉरिशसला नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांची भीती, तर कॅरिबियनमध्ये वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. थायलंड तर एकाच देशात दोन तऱ्हा दाखवतो: फुकेतला मे ते ऑक्टोबर पाऊस आणि पलीकडच्या किनाऱ्यावरच्या कोह सामुईला खरा जोर ऑक्टोबर ते डिसेंबर. मार्चमध्ये बालीला न्यायचं असेल तर न्येपीची, म्हणजे तिथल्या मौनदिनाची, तारीख जरूर पाहा. ती दरवर्षी बदलते, आणि त्या दिवशी २४ तास विमानतळसुद्धा बंद असतो. पावसाळा म्हणजे बेत रद्दच असं मात्र नाही. मालदीवच्या बा अटॉलमधल्या (अटॉल म्हणजे प्रवाळबेटांचं कडं) हनिफारू खाडीत मांटा रे हे पंखांसारख्या कल्ल्यांचे मोठे मासे मोठ्या संख्येने जमतात ते नेमके पावसाळी महिन्यांतच. तिथे स्कूबा, म्हणजे हवेचं सिलिंडर लावून खोल जाणं, चालत नाही; फक्त स्नॉर्कलिंग, म्हणजे मास्क आणि नळी लावून वरूनच तरंगत पाहणं.

दुसरी चाळणी व्हिसाची. ज्या देशाच्या अर्जावर जोडीदाराची सही लागते किंवा मुलाखत द्यावी लागते, तो देश सरप्राइजसाठी बाद. मालदीव मी निवडलं त्याचं एक रुक्ष कारण हेच होतं. तिथे पोहोचल्यावर जवळपास सगळ्याच देशांच्या पर्यटकांना निदान ३० दिवसांचा व्हिसा मोफत मिळतो. फक्त प्रवासाच्या आधीच्या ९६ तासांत 'इमुगा' नावाचा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो, तो मी त्याच्या वतीने रात्री स्वयंपाकघरात बसून भरला. पासपोर्टची मुदत पहिल्याच दिवशी तपासा. इंडोनेशियासह बरेच देश प्रवेशाच्या दिवसापासून सहा महिने शिल्लक मागतात. आणि तिकिटावरचं नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं हवं, घरात त्याला काहीही म्हणत असा.

गुपित फुटतं ते माणसांमुळे कमी, फोनमुळे जास्त. तिकिटाची ई-मेल आली की जीमेल उड्डाण आपोआप कॅलेंडरवर टाकतं, आणि ते कॅलेंडर तुम्ही दोघं मिळून वापरत असाल तर झालं! संयुक्त खात्यातून पैसे गेले की बँकेचा मेसेज त्याला जातो. घरच्या टॅबवर तुम्ही रिसॉर्ट शोधलंत की आठवडाभर त्याच्यासमोर निळ्या पाण्याच्या जाहिराती नाचतात. मी हे सगळं सांभाळलं आणि एका जागी चुकले: तिकीट काढताना त्याचा विमान कंपनीचा सदस्य क्रमांक टाकला, पॉइंट मिळावेत म्हणून. त्या खात्याला त्याचा मोबाइल जोडलेला होता. आठ दिवस आधी त्याला 'तुमचं मालेचं उड्डाण' असा मेसेज आला, आणि माले म्हणजे मालदीवची राजधानी. नशीब माझं की त्याला ती फसवणूक वाटली. "काय एकेक मेसेज पाठवतात," म्हणत त्याने तो ब्लॉक केला आणि मलाही सावध राहायला सांगितलं. पॉइंट नंतरही मागता येतात. तिकिटावर ई-मेल आणि फोन फक्त तुमचाच द्या.

गुपित कुठे उघडायचं ते आपण ठरवावं, नाहीतर काउंटरवरचा माणूस ठरवतो. मी बोर्डिंग गेटपाशी सांगणार होते. चेक-इनच्या बाईंनी पासपोर्ट उघडताच विचारलं, "माले?" आणि मी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्या दचकल्याच. त्यामुळे घरातून निघतानाच एक बंद पाकीट हातात देऊन मोकळं व्हा. नाहीतरी विमानतळावरचा प्रत्येक फलक तुमचं गुपित ओरडून सांगत असतो.

आता वाहतूक. इथे मी सपशेल तोंडावर आपटले. मालदीवमध्ये मुख्य विमानतळावर उतरलात म्हणजे पोहोचलात असं होत नाही. तिथून पुढे बेटापर्यंत स्पीडबोट, देशांतर्गत विमान किंवा सी-प्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारं छोटं विमान. सी-प्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं. सोयीचं म्हणून मी जे विमान घेतलं ते संध्याकाळी पाचला उतरलं, तेव्हा आमच्या बेटाकडे जाणारं शेवटचं सी-प्लेन निघून गेलेलं होतं. ती रात्र शेजारच्या हुलहुमालेमधल्या गेस्ट हाउसच्या खोलीत काढली, खिडकीबाहेर दुसऱ्या इमारतीची भिंत. "छान आहे बेट," नवरा म्हणाला. वाढदिवस तिसऱ्या दिवशी होता म्हणून वाचले. तेव्हा तुमचं वेळापत्रक असं आखा की वाढदिवसाच्या आधी निदान एक पूर्ण दिवस हाताशी राहील. खोली बुक करण्याआधी रिसॉर्टला लिहून विचारा: पुढची शेवटची सवारी किती वाजता, आणि किती सामान चालतं? सी-प्लेनमध्ये साधारण २० किलोची बॅग आणि ५ किलोची हातातली पिशवी, एवढंच धरून चला.

बेटावरची एक गंमत मला कुणीच सांगितली नव्हती. मालदीवमधली काही रिसॉर्टं स्वतःचं घड्याळ राजधानी मालेच्या एक तास पुढे ठेवतात, पाहुण्यांना संध्याकाळचा उजेड जास्त मिळावा म्हणून. आमच्या फोनमध्ये अकरा वाजले होते तेव्हा रिसॉर्टची माणसं केक घेऊन दारात हजर! मग तासाभराने फोनप्रमाणे बारा वाजले तेव्हा आम्ही उरलेला केक पुन्हा कापला. पण परतीच्या बोटीची वेळ कुठल्या घड्याळाने सांगितली आहे ते विचारून घ्या, तिथे ही गंमत महागात पडेल. आणि विषुववृत्ताजवळ संधिप्रकाश फार टिकत नाही. सूर्य बुडाला की झटकन अंधार पडतो. सूर्यास्ताचं जेवण ठरवत असाल तर सूर्यास्ताच्या तासभर आधीची वेळ सांगा.

कार्यक्रम मोजकेच ठरवा. खरं तर एकच. स्कूबा डाइव्ह परस्पर बुक करू नका: दमा, हृदयाचा त्रास, कानाच्या तक्रारी यांबद्दलची प्रश्नावली ज्याची त्याने भरायची असते, आणि शेवटची डाइव्ह व परतीचं विमान यांच्यात किमान १८ तास राखावे लागतात. मालदीवमध्ये रिसॉर्टबाहेर दारूला बंदी आहे आणि बाहेरून बाटली आणलीत तर कस्टम्स ठेवून घेतं, त्यामुळे वाढदिवसाची खास बाटली बॅगेत भरायच्या भानगडीत पडू नका. स्थानिक वस्तीच्या बेटावर राहणार असाल तर पोहण्याचे कपडे नेमून दिलेल्या किनाऱ्यावरच चालतात.

माझा एक कार्यक्रम म्हणजे स्नॉर्कलिंग. त्यासाठी मी रिसॉर्ट निवडतानाच पाहिलं होतं की प्रवाळ किनाऱ्यापासून किती हात दूर आहेत. सगळ्या बेटांवर ते जवळ नसतात. जाहिरातीतला सुंदर निळा उथळ पट्टा कित्येकदा नुसती वाळू असते, मासे बघायला बोटीने जावं लागतं. आमच्याकडे पायऱ्या उतरलं की प्रवाळ. इतकं सगळं जमवून वाढदिवसाच्या सकाळी मी त्याला पाण्यात उतरवलं. दहा मिनिटांनी तो वर आला आणि शांतपणे म्हणाला, "निळं आहे."

त्याच्या चष्म्याचा नंबर वजा पाच. मास्कखाली चष्मा बसत नाही. अकरा वर्षं मी रोज तो चष्मा उशीखालून काढून ठेवते, आणि नेमकं हेच माझ्या यादीत नव्हतं. तेव्हा जोडीदाराला चष्मा असेल तर नंबरच्या काचांचा मास्क मिळेल का, हे आधी डाइव्ह सेंटरला विचारा. बऱ्याच ठिकाणी असतात. आमच्या इथे वजा साडेचारचा एक निघाला.

दुपारी तो पुन्हा उतरला. मी बाजूला तरंगत होते. त्याने एकदम माझा दंड धरला आणि खाली बोट केलं. एक कासव प्रवाळाला चोच लावून निवांत कुरतडत होतं. पाऊण तास त्याने डोकं वर काढलं नाही. टीशर्ट घालून उतरल्यामुळे पाठ वाचली, पोटऱ्यांना मात्र सनस्क्रीन लावायचं राहिलं आणि त्या अशा भाजल्या की पुढचे दोन दिवस तो पालथा झोपला. सनस्क्रीन घेताना ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही रसायनं नसलेलं घ्या. प्रवाळांना अपाय होतो म्हणून पलाऊने २०२० पासून आणि हवाईने २०२१ पासून ही रसायनं असलेली सनस्क्रीन विकायला बंदी घातली आहे.

परत आल्यावर पोटऱ्यांची सालं निघत असतानाच त्याने स्वतःच्या नंबरचा मास्क मागवला. माझा वाढदिवस नोव्हेंबरात आहे. परवा त्याने माझा पासपोर्ट मागितला.