गडाचं त्रिमितीय सर्वेक्षण करताना या चुका टाळा

तटाला पोट सुटलंय हे नजरेला कळतं. दोन पावसाळ्यांत ते किती सेंटीमीटरने वाढलं, हे मात्र नजर सांगू शकत नाही. गडाचं स्कॅनिंग करायचं ते यासाठी. जुलै २०२५मध्ये मराठा लष्करी स्थापत्याचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, आणि अशा नोंदींची गरज आणखी वाढली. पण मॉडेल दिसायला देखणं आणि मोजायला निरुपयोगी, हा प्रकार सर्रास होतो. पुढच्या चुकांसाठी राजगड डोळ्यांसमोर ठेवला आहे. तीन माच्या आणि वर बालेकिल्ला असल्यामुळे जवळजवळ प्रत्येक अडचण तिथे भेटते.

परवानगी एकाची, गड दुसऱ्याचा

यादीतले राजगड, साल्हेर, प्रतापगड आणि खांदेरी राज्य पुरातत्त्व संचालनालयाकडे आहेत. रायगड, शिवनेरी, लोहगड वगैरे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे. एकाचं पत्र दुसऱ्याकडे चालत नाही. ड्रोनची नोंदणी आणि हवाई क्षेत्राची तपासणी २०२१च्या ड्रोन नियमांप्रमाणे वेगळी करावी लागते.

पावसाळा संपताच गडावर धावणं

ऑक्टोबरात गड सुंदर दिसतो, पण कमरेएवढ्या गवतात तटाचा पाया दडलेला असतो आणि मॉडेलमध्ये गवताचाच माथा जमीन म्हणून येतो. शिवाय अनेक स्कॅनरची लेझर १५५० नॅनोमीटरची असते आणि ती पाण्यात शोषली जाते. ओल्या काळ्या बेसाल्टवरून परतीचा संकेत क्षीण येतो, पॉइंट क्लाउडमध्ये (मोजलेल्या असंख्य बिंदूंच्या त्रिमितीय संचात) भोकं पडतात. जानेवारी-फेब्रुवारीत गवत वाळून बसतं, तेव्हा जा. उडवण्याआधी कडे दुर्बिणीतून पाहून घ्या. आग्या मोहोळ दिसलं तर त्या कड्याजवळ ड्रोन नेऊ नका. चिडलेल्या माश्या ड्रोनवर थांबत नाहीत, माणसांवर येतात.

ड्रोनची उंची कुठून मोजली, हे न पाहणं

सर्वांत जास्त डेटा इथे वाया जातो. ड्रोन उंची मोजतो ती उड्डाणाच्या जागेपासून. पद्मावती माचीवरून १०० मीटरवर ८० टक्के ओव्हरलॅप (लागोपाठच्या दोन फोटोंतला सामाईक भाग) लावला आणि खालची जमीन ५० मीटर वर आली, तर ओव्हरलॅप ६० टक्क्यांवर येतो. शेजारच्या पट्ट्यांमधला ७० टक्के लावला असेल तर तो ४०वर घसरतो, आणि सॉफ्टवेअर फोटो जुळवूच शकत नाही. कड्याबाहेर उलटं होतं. फँटम ४ आरटीके या ड्रोनच्या फोटोतला एक पिक्सेल ६० मीटरवरून जमिनीवर सुमारे १.६ सेंटीमीटरचा असतो. खाली २०० मीटरची दरी असेल तर तिच्या तळाशी तोच ७ सेंटीमीटरचा. उपाय: माच्या आणि बालेकिल्ला यांची उड्डाणं वेगळी ठेवा, भूरूपानुसार उंची बदलणारा पर्याय वापरा. तटाच्या दर्शनी बाजूसाठी कॅमेरा समोर वळवून २५-३० मीटर अंतरावरून उभ्या पट्ट्यांत फोटो घ्या, तरच दगडांमधल्या दरजा दिसतील.

फक्त सरळ खाली पाहणारे समांतर फोटो घेतले तर आणखी एक दोष शिरतो: सपाट माची मॉडेलमध्ये किंचित घुमटासारखी फुगते. ४५ अंशांचे तिरके फोटो आणि आधीच्या पट्ट्यांना आडवं जाणारं एक उड्डाण यांनी तो बराच कमी होतो.

नियंत्रण बिंदूंसाठी गडालाच इजा करणं

नियंत्रण बिंदू म्हणजे फोटोत दिसणाऱ्या, जागा अचूक मोजलेल्या खुणा. त्यांसाठी दगडावर रंग नको, खिळा नको. ५० सेंटीमीटरचे काळे-पांढरे फ्लेक्सचे चौकोन पुरतात. ते वाऱ्याने उडू नयेत म्हणून आजूबाजूचे दगड उचलून ठेवायचा मोह होतो. तो आवरा, कारण ढासळलेला दगड कुठे पडला आहे हाही पुरावाच असतो. चारही कोपऱ्यांवर पाण्याने भरलेल्या बाटल्या ठेवा. राजगडाएवढ्या गडाला १०-१२ बिंदू हवेत, तेही वेगवेगळ्या उंचीवर. याशिवाय किमान ५ तपासणी बिंदू गणनेत न घेता बाजूला ठेवा. नियंत्रण बिंदूंवरची चूक ही सॉफ्टवेअरने स्वतःच तपासलेली स्वतःची उत्तरपत्रिका असते. खरी अचूकता तपासणी बिंदूच सांगतात.

जीएनएसएसची (उपग्रहांवरून जागा सांगणाऱ्या यंत्रणेची) उंची लंबगोलापासूनची, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची असते, समुद्रसपाटीपासूनची नाही. आपल्याकडे हा फरक ६० मीटरांहून अधिक आहे. अख्खा गड जमिनीत बुडालेला दिसला, तर आधी हे पाहा. गडावर मोबाइलचं नेटवर्क दगा देतं, म्हणून बेस (एका जागी स्थिर ठेवलेला संदर्भ रिसीव्हर) स्वतःचा लावा आणि कच्च्या निरीक्षणांची फाइल जपून ठेवा.

दरवाजा आणि नाळ ड्रोनवर सोडणं

संजीवनी माचीच्या दुहेरी तटामधली अरुंद जागा, देवड्या (पहारेकऱ्यांच्या खोल्या), जंग्यांच्या (तटातल्या मारा करायच्या भोकांच्या) आतली उतरण, यातलं काही वरून दिसत नाही. तिथे तिपाईवरचा स्कॅनर हवा. स्थानकं ५ ते ८ मीटरवर घ्या आणि एक नेमकं उंबरठ्यावर ठेवा, म्हणजे आत-बाहेरचे स्कॅन एकमेकांना धरून राहतील. लांबट, एकसारख्या बोळात सॉफ्टवेअर स्कॅन पुढे-मागे सरकवून चुकीचे जुळवतं आणि आकड्यांत चूक दाखवतही नाही. म्हणून लागोपाठच्या दोन स्थानकांना किमान ३ समान टार्गेट दिसू द्या, आणि शेवटचा स्कॅन पहिल्याला आणून भिडवा.

टाक्यांजवळ जपून. स्थिर पाण्यावरून लेझर परावर्तित होते आणि पाण्याखाली टाक्याचा उलटा कठडा उमटतो. खोली मोजणारा तीच खरी समजून बसतो. पाण्याच्या पातळीखालचे बिंदू हाताने काढा.

मॉडेल ‘नीटनेटकं’ करणं

मेश (बिंदू जोडून केलेला पृष्ठभाग) बनवताना भोकं बुजवण्याचा पर्याय आपोआप चालू असेल, तर सुवेळा माचीचं नेढं (कातळातलं आरपार भोक) पातळ पडद्याने बंद झालेलं सापडतं. जंग्यांचंही तेच होतं. भोकं एकेक पाहून बुजवा.

याहून गंभीर चूक बीआयएम (इमारतींचं डिजिटल मॉडेल बनवणाऱ्या) सॉफ्टवेअरमध्ये होते. तिथली भिंत सरळ, ओळंब्यात आणि एका जाडीची असते. तीच तटाच्या जागी बसवली की फुगवटा, कलणं, खचणं सगळं पुसलं जातं, म्हणजे ज्यासाठी गड चढलात तेच. मॉडेल सोपं ठेवा, पण दर मीटरला पॉइंट क्लाउडचा छेद घेऊन फरक नोंदवा. पडलेला भाग कल्पनेने उभारायचाच असेल तर वेगळ्या थरात, वेगळ्या रंगात ठेवा.

फक्त चकचकीत फाइल सुपूर्द करणं

पाच वर्षांनी तुलना करणाऱ्याला कमी वजनाचं मेश उपयोगी पडत नाही. त्याला मूळ फोटो, ई५७ किंवा एलएझेड स्वरूपातला पॉइंट क्लाउड, वापरलेली निर्देशांक प्रणाली आणि बिंदूंची यादी लागते. फ्लेक्स तर त्याच संध्याकाळी गुंडाळून खाली येतात. म्हणून कातळात खोदलेल्या टाक्यांचे तीन-चार धारदार कोपरेही मोजा आणि बोट ठेवलेल्या जागेचा जवळून फोटो यादीत जोडा, म्हणजे पुढच्या माणसाला तोच कोपरा सापडेल.