बेळगाव भागात शेत घेताय? आधी उताऱ्यावरचे शब्द समजून घ्या

कोल्हापूर-सांगलीकडून येऊन खानापूर, उचगाव, निपाणी भागात जमीन बघणाऱ्यांनो, इथं सातबारा नाही. इथला उतारा म्हणजे आरटीसी, त्यालाच पहाणी म्हणतात. तो कन्नडमध्ये असतो आणि नाडकचेरीत, म्हणजे तालुक्याखालच्या महसूल कचेरीत मिळतो. सीमावाद आपल्या जागी राहू दे, कन्नड आकडे आणि वीसेक शब्द शिकून घ्याच.

सगळ्यात महागात पडते ती क्षेत्राची चूक. तिकडं हेक्टर-आर, इथं एकर-गुंठे-आणे. 40 गुंठ्यांचा एकर, 16 आण्यांचा गुंठा; गुंठा म्हणजे 33 बाय 33 फूट. उताऱ्यावर 2.10 दिसलं तर ते 2 एकर 10 गुंठे, म्हणजे सव्वादोन एकर. ते 2 हेक्टर 10 आर समजून हिशेब केलात तर पाच एकरांच्या वर जाता! एजंट नुसतं ‘दोन दहा’ म्हणतो. एकर-गुंठे लिहूनच घ्या.

एक्स्टेंट म्हणजे एकूण क्षेत्र. त्यातून खराब वजा करायचं. अ-खराब मालकाकडंच राहतं, पण ते लागवडीचं नसतं. ब-खराब म्हणजे रस्ता, नाला अशी सार्वजनिक जागा. ती विकताच येत नाही. 2.10 मधून अ 5 गुंठे आणि ब 3 गुंठे गेले की हाती 2 एकर 2 गुंठे. भाव त्यावर बोला.

ड्राय म्हणजे जिरायत, वेट म्हणजे तरी, पाण्याखालची भातजमीन, गार्डन म्हणजे बागायत.

नवव्या रकान्यात मालक, अकराव्यात बोजा. ईसीवर (बोजाच्या दाखल्यावर) बोजा नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. तिच्यात फक्त नोंदणी झालेले व्यवहार येतात, म्हणून अकरावा रकानाही वाचा. म्युटेशन म्हणजे फेरफार. खरेदीखत झालं की आपली माणसं पेढे वाटून गावी जातात आणि उताऱ्यावर जुनंच नाव राहतं. नवव्या रकान्यात आपलं नाव चढलेलं बघूनच हलावं.

सर्व्हे नंबरातला तुकडा घेत असाल तर अकरा-ई नकाशाशिवाय, म्हणजे त्या तुकड्याच्या सरकारी मोजणीच्या नकाशाशिवाय, इसार देऊ नका. भाऊभाऊ तोंडी वाटणीवर कसत असतात, बांधही पक्का दिसतो, पण पोडी, म्हणजे सर्व्हे नंबराची सरकारी फोड, झालेली नसते. नकाशा नसला तर तुकड्याचं खरेदीखत नोंदवून घेत नाहीत आणि इसाराचे पैसे अडकतात. अर्ज विकणाऱ्यानं करायचा, मोजणीला तुम्ही जातीनं हजर राहायचं आणि शेजारच्या बांधकऱ्यांनाही बोलवायचं.