सिडनीच्या घरातले कोळी: कुठला सोडायचा, कुठला मारायचा

सिडनीत आलो तेव्हा कोळी दिसला की मी झाडूच उचलायचो. आता आधी नीट बघतो. भिंतीवरचा तळहाताएवढा, चपटा, करडा हंट्समन झुरळं खातो. त्याला मारू नका. रुंद बरणी उपडी ठेवा, खालून पुठ्ठा सरकवा, बागेत सोडा. कोपऱ्यातली जळमटं आठवड्याला काढली की पुरे.

खरी काळजी रेडबॅकची. मादी वाटाण्याएवढी, काळी कुळकुळीत, पाठीवर लाल पट्टा. जाळं विस्कटलेलं पण चिवट. काडीने ओढलं की तटतट तुटतं. बागेतल्या खुर्च्यांखाली, कुंड्यांच्या कडेखाली, पत्रपेटीत टॉर्च मारून बघा. हातमोजे घालून लांब काठीने जाळं आणि अंड्यांच्या गोल पिशव्या काढून चिरडा. बाहेर ठेवलेले बूट झटकल्याशिवाय घालू नका, मुलांचे तर मुळीच नाही.

रेडबॅक चावली तर बर्फ लावा, पट्टी बांधू नका, दवाखाना गाठा. फनेल-वेबचं उलट: तो काळा, चकचकीत, मोठा कोळी चावला की अख्ख्या हाताला किंवा पायाला घट्ट पट्टी गुंडाळा, माणसाला हलू देऊ नका, ००० ला (ऑस्ट्रेलियातला आणीबाणीचा नंबर) फोन करा. फनेल-वेबचं प्रतिविष १९८१ पासून मिळतं, पण त्यासाठी रुग्णालयात लवकर पोचायला हवं.